साधंच आहे तिथलं

२४ ऑक्टोबर

आजपासून वस्तीच्या चौकशी केंद्रात बसायला लागले. केंद्र कसलं, कोपऱ्यावरचं जुनं तांदळाचं दुकान. तांदूळवाला वारला, मुलं तोक्योत, जागा मंडळाकडे आली. एक टेबल, दोन खुर्च्या, रॉकेलची शेगडी, उसन्या द्यायच्या छत्र्या, नकाशांचा गठ्ठा आणि एक लाल पेन्सिल. त्रेसष्टाव्या वर्षी मला नोकरी लागली म्हणायची.

मंडळाचे अध्यक्ष कामिदेसान शेगडी पेटवून द्यायला स्वतः आले. त्यांचं सोन्याच्या वर्खाचं दुकान आहे. मी पाठीला दप्तर लावून शाळेत जायचे तेव्हापासून मला ओळखतात, म्हणून अजूनही ‘काय गं फुसाए’ असंच बोलतात.

म्हणाले, “वेगवान गाडी कानाझावापर्यंत आली आणि माणसं नुसती लोटतायत. रस्ता सांग, देऊळ सांग, संडास सांग. पण कुठे जेवावं असं विचारलं तर जपून हं. नकाशावर सगळ्यांची नावं आहेत, तो हातात द्यायचा. कुणा एकाला पुढे करायचं नाही. तुला सांगायला नको, पण सांगतो.”

का सांगतो ते मला कळलं. नकाशावर ‘ओकुनो’ आहे, आणि ओकुनो म्हणजे माझं माहेर. वडिलांच्या मागे धाकटा भाऊ तेइजी चालवतो. काउंटरपुढे आठ जण बसतील एवढीच जागा. कामिदेसानना वाटलं असेल, ही सगळ्यांना भावाकडेच पिटाळणार. त्यांनी निश्चिंत असावं. आमचे वडील म्हणायचे, आपल्या घरच्या पदार्थाची आपणच तारीफ करणारा माणूस आणि आपलीच पाठ चाटणारं मांजर, दोघं उपाशीच राहतात. लोकांकडे ‘आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं’ असतं. आमच्याकडे बाब्या आपला असला की तो कार्टंच.

६ नोव्हेंबर

आजपासून खेकड्याचा हंगाम. पाहुण्यांच्या तोंडी दुसरा विषय नाही. दुपारी सेंदाईकडच्या दोन बायका आल्या, मैत्रिणी असाव्यात. खेकडा खाऊन झाला होता, संध्याकाळचं जेवण शोधत होत्या. एकीने नकाशावर बोट फिरवत फिरवत नेमकं ओकुनोवर ठेवलं.

“हे कसं आहे हो?”

“साधंच आहे तिथलं,” मी म्हटलं.

“इथे ते बदकाचं मिळतं ना, जिबुनी?”

“मिळतं. पण तुम्ही पुलाजवळच्या वामवाल्याकडे जा. वाम असा भाजतो की काट्याची आठवणसुद्धा राहत नाही. थांबा, मीच फोन करून दोघींची जागा ठेवायला सांगते.”

पाऊस होता. केंद्राच्या छत्र्या दिल्या आणि पुलापर्यंत सोडूनही आले. आमच्याकडे म्हणतातच, डबा विसरलात तर विसरलात, छत्री विसरू नका.

ओकुनो माझ्या भावाचं आहे हे मी त्यांना सांगितलं नाही. नातं सांगायचं आणि मग ‘साधं आहे’ म्हणायचं, म्हणजे समोरच्याने ‘छे छे, उत्तमच असणार’ म्हणावं याची वाट बघत बसायचं. ती मागच्या दाराने केलेली जाहिरातच झाली. म्हणून मी नातं गाळते. वडील असते तर त्यांनी मान डोलावली असती.

१५ नोव्हेंबर

वडिलांची पुण्यतिथी. केंद्र लवकर बंद करून ओकुनोत गेले. तेइजीने जिबुनीचा पहिला वाडगा बुद्धापुढे ठेवला, मग मला वाढलं. बदकाचे काप पिठात घोळवून रश्श्यात सोडायचे, त्या पिठानेच रस्सा दाटतो. सोबत अळंबी, गव्हाच्या चिकाची वडी, आणि वर वासाबीचा एक ठिपका. पीठ जास्त झालं तर खळ होते, कमी झालं तर पाणी. तेइजीचा रस्सा वडिलांच्यापेक्षा पातळ असतो. गोडीही कमी घालतो. मी वाडगा संपवला. थंडी होती म्हणून दुसराही घेतला.

“ताई, कसं झालंय?”

“पातळ,” मी म्हटलं.

“हो का,” म्हणाला आणि हसला. हा माणूस कधी चिडत नाही, त्यामुळे त्याच्याशी बोलायला मजा येत नाही.

सोळाव्या वर्षापासून मागच्या खोलीत रस्सा मी करायचे. पीठ घोळवायचं काम माझंच. वाडगे वडील पुढे न्यायचे आणि गिऱ्हाईक त्यांना वाहवा द्यायचं. काउंटरमागे बाई उभी राहिली तर गिऱ्हाईकाचा घास अडतो, असं ते म्हणत. मग माझं लग्न झालं, मी कोमात्सुला गेले (परत आले ते पुष्कळ वर्षांनी), आणि ओसाकात रेडिओ दुरुस्त करणाऱ्या तेइजीला बोलावून घेतलं. ज्याच्या हातून पाणी उकळतानाही भांडं करपायचं, त्याच्या हाती दुकान गेलं. मला त्याचं काही वाटत नाही. जुनी गोष्ट आहे, आज तिथे बसल्यावर आठवली एवढंच.

मी असेपर्यंत एकही गिऱ्हाईक आलं नाही. दारावरच्या पडद्याबाहेरून घोळकेच्या घोळके जात होते. तेइजी स्वच्छ असलेलाच सुरा पुन्हा पुन्हा पुसत होता.

२८ नोव्हेंबर

नात्सुए केंद्रात आली. तेइजीची बायको. हातात झाकलेला वाडगा, आत वाफवलेल्या कमळकाकडीचा गोळा. “वन्सं, गार पडायच्या आत खा.” मी खाईपर्यंत तिने इकडचं तिकडचं काढलं. पाइनच्या फांद्या बर्फाने मोडू नयेत म्हणून बांधतात ते दोर यंदा लवकर बांधून झाले, कुणाची तरी मांजर व्याली, असं काहीबाही. मग चहाचा पेला हातात फिरवत म्हणाली,

“एक विचारू? वामवाल्याकडे रांग असते. नूडलवाल्याकडे रांग असते. आमच्याच दारात कुणी थांबत नाही. गाडी नव्हती तेव्हा याहून बरं चाललं होतं. आमचं काही चुकतंय का?”

“नियमच आहे गं,” मी म्हटलं. “इथून कुणाचं नाव पुढे करता येत नाही.”

“पुढे नका करू हो. रांगेत तर असू दे.”

“नकाशावर आहे की नाव.”

“हो. आहे,” ती म्हणाली. तिने पेला टेबलावर ठेवला. मग सांगितलं की सोन्याचा वर्ख लावलेलं आइस्क्रीम विकणारी एक कंपनी जागा मागते आहे, आणि हिवाळा असाच गेला तर मार्चमध्ये त्यांना हो म्हणावं लागेल. “हे काही बोलत नाहीत. तुम्हाला तर मुळीच सांगणार नाहीत. म्हणून मी आले.”

ती गेल्यावर उगाच चिडचिड झाली. दुकान बंद पडणार म्हणे. वडिलांच्या वेळीही मंदी यायची, त्यांनी कुणाच्या दारात जाऊन हात पसरले नाहीत. आणि मी काय करू? नियम मी केलेला नाही. दुपारभर आलेल्या सगळ्यांना वामवाल्याकडे आणि नूडलवाल्याकडे पाठवलं. त्यांची नावं सांगताना तरी मन मोकळं असतं.

कमळकाकडी बरी होती. मीठ कमी.

५ डिसेंबर

समुद्रावर गडगडाट. या गडगडाटाने बुरी मासा जागा होऊन किनाऱ्याला येतो असं आमच्याकडे मानतात. तो आला की सलगमाच्या जाड चकत्यांमध्ये भरायचा, आंबवलेल्या भातात थरावर थर लावायचे आणि नववर्षाला उघडायचं. ओकुनोच्या मागच्या खोलीत तेइजी आणि नात्सुए तेच करत बसले होते. मी सहज डोकावले आणि बाह्या वर करून कधी बसले ते कळलंच नाही.

सलगमाला मीठ मी लावलं. हात लाल झाले. तेइजी बघत होता.

“मीठ ताईनेच लावावं,” तो नात्सुएला म्हणाला. “वडील म्हणायचे ना, मिठाचं फुसाएला विचारा, तिचा हात चुकत नाही.”

“मला कधी म्हणाले नाहीत,” मी म्हटलं.

“तुला कसे म्हणतील? आम्हाला म्हणायचे. मी पहिल्यांदा रस्सा केला तेव्हा एक घोट घेतला आणि म्हणाले, फुसाएचा निम्मासुद्धा नाही. पुढे बरीच वर्षं तेच ऐकत होतो.”

हे मी आज प्रथमच ऐकलं. वडिलांना जाऊन सतरा वर्षं झाली. मिठाचे हात डोळ्यांना लागले असावेत, मी बाहेर जाऊन तोंड धुऊन आले. माणसाने मनातलं चांगलं ज्याचं त्याला सांगायला काय हरकत असते, कोण जाणे. दुसऱ्यांना सांगून काय उपयोग?

नात्सुए उद्यापासून स्टेशनातल्या मिठाईच्या दुकानात उभी राहणार आहे. दुपारपर्यंतच, असं म्हणाली.

१९ डिसेंबर

आज एक विचित्र गोष्ट झाली. निइगाताचं एक म्हातारं जोडपं काल छत्री घेऊन गेलं होतं, ती परत करायला आलं. काल त्यांनी जेवायचं विचारलं तेव्हा मी नेहमीप्रमाणे ओकुनोला साधं म्हणून वामवाल्याकडे पाठवलं होतं. तिथे जागा नव्हती, नूडलवाल्याकडे नव्हती, बर्फाळ पाऊस सुरू झाला, आणि शेवटी ते ओकुनोत शिरले.

“बाई, तुम्ही ते साधं आहे म्हणालात,” म्हातारा म्हणाला. रागावला नव्हता, खरोखर कोड्यात पडला होता. “आम्ही दोघांनी आयुष्यभर हॉटेलंच चालवली. असा रस्सा मी फार थोड्या ठिकाणी प्यायलोय. दाट नाही, पातळ नाही, बदक मऊ, आणि गोडी अगदी मागे उभी. तुम्ही तिथे कधी जेवलाच नाहीत का?”

“जेवलेय,” मी म्हटलं.

“मग तुम्हाला आवडलं नाही?”

मी छत्री मिटवून कोपऱ्यात ठेवली. म्हातारी म्हणाली, “आम्ही त्या मालकांनाही सांगितलं हो, की केंद्रातल्या बाईंनी साधं म्हणून सांगितलं होतं, बरं झालं ऐकलं नाही. ते हसले. म्हणाले, बरोबर सांगितलं त्यांनी, साधंच आहे.”

केंद्रात मी एकटीच बसते, हे तेइजीला ठाऊक आहे. पण त्याला विनय कळतो. तोही वडिलांचाच मुलगा. त्याने मनाला लावून घेतलं नसेल. आणि पाहुण्यांचं काय, थंडीत भिजून आलेल्या माणसाला गरम पाणीही अमृत लागतं.

तरी दिवसभर हातात काही धरवेना. दोनदा पेन्सिलीचं टोक मोडलं.

२० डिसेंबर

कामिदेसान शेगडीपाशी येऊन बसले. चहा घेताना म्हणाले, “वामवाला भेटला होता. तुला नववर्षाची भेट पाठवायची म्हणतो. रोज माणसं पाठवतेस म्हणाला.”

“चांगलं करतो म्हणून सांगते.”

“हं. आणि ओकुनोचं कुणी विचारलं तर?”

“साधं आहे म्हणून सांगते. आपल्या घरचं कौतुक कसं करणार?”

“ते बरोबरच गं. घरचं आहे, भावाचं आहे, साधंच असतं हो, असं आपण म्हणतोच. ऐकणारा काय ते समजतो.”

“घरचं आहे हे मी सांगत नाही,” मी म्हटलं. “नातं सांगितलं तर ती जाहिरात होईल.”

कामिदेसानांचा पेला ओठांपाशी थांबला. माझ्याकडे बघत राहिले. ऐंशी उलटलेल्या माणसाचं तोंड, त्यावरून काय कळणार? मग त्यांनी पेला खाली ठेवला.

“म्हणजे फुसाए, नातं न सांगता तू नुसतं ‘तिथलं साधं आहे’ म्हणतेस. ऑक्टोबरपासून.”

“हो.”

त्यांनी शेगडीची वात कमी केली. मग उठताना म्हणाले, “नियम मीच सांगितला, माझंही चुकलं.” त्यांचं काय चुकलं ते मला कळलं नाही. दाढ दुखत असावी. चहाही अर्धा टाकून गेले.

२१ डिसेंबर

कळलं.

रस्त्याने चालताना कळलं, पुलावर, आणि तिथेच उभी राहिले. मागचा माणूस येऊन आदळला. परक्याने ‘साधं आहे’ म्हटलं की ते साधंच असतं. विनय दाखवायलाही नातं लागतं. ते मी गाळत होते.

पण मी वाईट हेतूने केलं नाही. हे इथे लिहून ठेवते.

२ जानेवारी

तेइजीकडून सलगमाचा डबा आला. छान मुरलंय, मिठाला धक्का नाही. समोरच्या घरातली बाई नववर्षाचं भेटायला आली, तिच्यापुढे ठेवलं. “घरचंच आहे, साधंच आहे,” मी म्हटलं. “म्हणजे चांगलंच असणार,” ती म्हणाली आणि तीन चकत्या खाल्ल्या. कुणी केलं विचारल्यावर म्हटलं, माझ्या भावाने. मीठ मी लावलं हेही सांगितलं.

किती सोपं होतं हे.

सात तारखेला केंद्र उघडेल. तेव्हापासून पहिल्याच माणसाला सांगायचं, ओकुनो माझ्या भावाचं आहे म्हणून. नियम नियमाच्या जागी.

१७ जानेवारी

जे घडलं ते लिहिते. लिहायची लाज वाटते आहे.

पहिले दहा दिवस बर्फामुळे चिटपाखरू नव्हतं. आज एक गृहस्थ आला, एकटाच, चांगल्या कोटातला. नकाशा उघडून म्हणाला, “ओकुनो कुठे आलं? निइगाताच्या ओळखीच्यांनी सांगितलंय, तिथली जिबुनी खाल्ल्याशिवाय परत येऊ नका. मालकाचा हात म्हणे अजब आहे.”

एवढंच सांगायचं होतं. दुसऱ्या गल्लीत, डावीकडे. माझा भाऊच आहे तो. शब्द जिभेवर तयार होते. पण ‘मालकाचा हात’ हे शब्द कानात राहिले. आणि मी म्हटलं, “आज बंद आहे.”

आज बंद नव्हतं. ओकुनो बुधवारी बंद असतं. आज रविवार.

त्याने हळहळून नकाशा घडी केला, संध्याकाळच्या गाडीने परत जायचंय म्हणाला. मी वामवाल्याचा फोनही लावून दिला नाही. तो गेल्यावर शेगडी विझवली आणि तशीच बसून राहिले. आता नियमही नव्हता आणि विनयही नव्हता. मग हे काय होतं?

माहीत नाही. खरंच माहीत नाही. कदाचित बदकाला पीठ मी लावायचे आणि वाहवा वडील घ्यायचे, हे त्यात कुठेतरी असेल. पण तेइजीने त्यात काय केलं? त्याला तर रेडिओच आवडायचे.

९ फेब्रुवारी

जानेवारीच्या त्या दिवसानंतर विचारणाऱ्या प्रत्येकाला मी ओकुनो दाखवलं. भावाचं आहे असं सांगून दाखवलं. पण या दिवसांत माणसं किती येतात? दोन कुटुंबं, एक प्रवासी, एक चुकलेला पोस्टमन.

आज तेइजी मागच्या दाराने माझ्या खोलीवर आला. कंपनीला हो म्हटलंय. महिनाअखेरीला पडदा उतरवायचा.

“अजून थोडं थांब ना,” मी म्हटलं. “वसंतात माणसं येतील. मी पाठवते.”

“पाठवतेस, माहीत आहे,” तो म्हणाला. “परवा दोघं आले होते. तुमच्या बहिणीने पाठवलं म्हणाले. बरं वाटलं.”

“तेइजी, निइगाताच्या त्या माणसांनी तुला...”

“ताई, चहा कर ना,” तो म्हणाला.

मी चहा केला. त्याने वरच्या माळ्यावरचा माझा बिघडलेला रेडिओ खाली घेतला आणि उघडून बसला. जाईपर्यंत तो वाजायला लागला होता. आपण काहीच बोललो नाही हे तो गेल्यावर माझ्या ध्यानात आलं.

२८ फेब्रुवारी

सकाळी बर्फ वितळत होतं. केंद्राच्या दारात तेइजी उभा राहिला. कामाचा पांढरा सदरा, वर कोट. आत येऊन पाहुण्यांच्या खुर्चीवर बसला.

“मी बाहेरगावचा,” तो म्हणाला. “या वस्तीत कुठे जेवावं हो?”

थट्टा करतोय की बोलतोय ते कळेना. त्याच्या तोंडावर नेहमीचं हसू होतं, पण तो खरंच उत्तराची वाट बघत होता. मी नकाशा उलगडला. लाल पेन्सिल घेतली. गोल वाकडा आला.

“इथे,” मी म्हटलं. “ओकुनो. माझ्या धाकट्या भावाचं आहे. साधंच आहे.”

तो नकाशा बघत राहिला. “हो ना,” म्हणाला. “मग चला, भूक लागलीय. शेवटचं गिऱ्हाईक मीच.”

केंद्राला कुलूप लावून मी त्याच्या मागे गेले. नात्सुए स्टेशनवर होती. दुकानात कुणी नव्हतं. तेइजीने कोट काढला, काउंटरच्या बाहेरच्या बाजूला बसला आणि वडिलांच्या स्वयंपाकाच्या लांब काड्या माझ्यापुढे केल्या.

“तू कर,” तो म्हणाला. “कधी उभी राहिली नाहीस ना तिथे. उद्या काउंटर तोडतील.”

मी काउंटरमागे गेले. आयुष्यात पहिल्यांदा. तिथून दार दिसतं, पडद्याखालून जाणाऱ्यांचे पाय दिसतात. इतकी वर्षं तेइजी हेच बघत उभा होता, पाय येतात आणि जातात. ऑक्टोबरपासून त्याने किती पाय मोजले असतील.

बदक कापलं, पिठात घोळवलं, रश्श्यात सोडलं. वाटलं होतं, हात विसरणार नाही. हात विसरला होता. पिठाच्या गुठळ्या झाल्या, आच जास्त झाली, बदक चिवट झालं. आधी मला वाटलं पीठ जुनं आहे. मग वाटलं ही शेगडी मला ओळखीची नाही. मग वाडगा भरताना एक घोट घेतला आणि कळलं. त्याचा रस्सा पातळ नव्हता. कधीच नव्हता. गोडी मागे ठेवायला हात लागतो, आणि तो या माणसाने एकट्याने, फुसाएचा निम्मासुद्धा नाही हे ऐकत ऐकत कमावला होता.

तेइजीने वाडगा दोन्ही हातांत धरून शेवटपर्यंत संपवला. गुठळ्यासुद्धा.

“ताई, छान झालंय,” तो म्हणाला. “वडिलांसारखं.”

खोटं बोलला. मी चांगल्याला साधं म्हटलं आणि त्याने वाईटाला छान म्हटलं. एकाच घरात वाढलो आम्ही.

मला रडू आलं, तिथेच, काउंटरमागे. तेइजी उठला, बाहेर गेला आणि दारावरचा पडदा उतरवून घडी करायला लागला. मला एकटीला रडू द्यावं म्हणून गेला असेल. घडी करायला एवढा वेळ लागत नाही.

४ मार्च

नवे नकाशे छापून यायचे आहेत. जुन्यावर ओकुनो आहेच.

दुपारी एक मुलगी आली. शिकत असावी, एकटीच फिरत होती, बूट ओले. “इथली जिबुनी खायचीय,” म्हणाली. “सगळ्यात चांगली कुठे मिळते? तुम्ही स्वतः कुठे खाता?”

मी तिला बसवलं. म्हटलं, सगळ्यात चांगली माझा भाऊ करतो. रस्सा हलका, पण पाण्यासारखा नाही. बदक असं की दातांना काम नाही. गोडी आधी कळतच नाही, वाडगा ठेवल्यावर कळते. वासाबी जास्त लावत नाही, कारण रश्श्यावर त्याचा भरवसा आहे. मी दोन वाडगे खाल्ल्याशिवाय कधी उठले नाही. वडिलांपेक्षा चांगली करतो, माझ्यापेक्षा तर कितीतरी. मी बोलतच होते. साधं आहे असं एकदाही म्हटलं नाही.

मुलीचे डोळे चमकले. तिने नकाशा माझ्यापुढे सरकवला आणि लाल पेन्सिल माझ्या हातात दिली.

“कुठे आहे?” तिने विचारलं.